व्हिओलाची रिकामी खुर्ची

१

स्टुडिओचं दार उघडलं की मी आधी एक टाळी वाजवतो. भिंतींनी ती गिळली आणि काहीही परत आलं नाही की समजायचं, खोली ठीक आहे. मग दिवे, मग यंत्रं, मग चहा. आणि मग दिवसभर दुसऱ्यांनी वाजवलेलं ऐकत बसायचं. माणसं गातात-वाजवतात एका जागी, एकमेकांकडे बघून, हजारो लोकांसमोर. मी नंतर कधीतरी एकटा बसून त्यांचे आवाज एकमेकांशेजारी नीट मांडतो. पंगत उठल्यावर पानं मांडावीत, असा हा धंदा आहे.

या खेपेचं काम मोठं होतं. आम्ही कॉलेजात असताना ज्यांच्या गाण्यांवर नाचलो त्या बँडने एका मोठ्या सभागृहात अख्ख्या ऑर्केस्ट्राबरोबर कार्यक्रम केला होता आणि त्याचा आता लाइव्ह अल्बम निघायचा होता. बँडमधला बेस गिटारवाला लंबू माझा जुना दोस्त. "तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला देणार नाही," असं म्हणून सगळं रेकॉर्डिंग त्याने माझ्या टेबलावर आणून ठेवलं. ते म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याला माहीत होतं की त्या ऑर्केस्ट्रात माझी बायको व्हिओला वाजवायची, आणि कार्यक्रमाच्या आधीच्या हिवाळ्यात ती गेली होती.

व्हिओला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. आवाज जरा घोगरा, समजूतदार. कोणी मुद्दाम ऐकत नाही, पण नसली की गाणं पोकळ वाटतं. हे वाक्य तिचंच. मी तिला यावरून खूप चिडवायचो.

आता गंमत बघा. आयुष्यभर जगाचे आवाज साठवणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या बायकोचं एकटीचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. घरात माइक नको, असा आमचा नियम होता आणि तो दोघांनीही हौसेने पाळला. त्यामुळे ती जेवढी उरली होती तेवढी माझ्या डोक्यात होती. दुसरीकडे कुठे नाही. रोज सकाळी उठल्यावर मी ते सगळं जागेवर आहे ना हे चाचपून बघायचो.

२

त्या ऑर्केस्ट्रात एक रीत आहे. वादक गेला की वर्षभर त्याची खुर्ची हलवत नाहीत. कार्यक्रमाला ती मांडतात, समोर स्टँडवर स्वरलेखन उघडून ठेवतात आणि तिथे कोणी बसत नाही. बँडचा आवाज दणदणीत, त्यात तंतुवाद्यं बुडून जातात, म्हणून या कार्यक्रमात प्रत्येक वादकासमोर छोटा स्वतंत्र माइक होता. माइक लावणारा पोरगा नवखा. त्याला कोण सांगणार कुठली खुर्ची कसली आहे? खुर्ची दिसली की त्याने माइक लावला. तिच्याही खुर्चीसमोर लावला.

म्हणजे माझ्याकडे एक ट्रॅक असा होता की ज्यात कोणीच वाजवलेलं नाही.

तो मी पहिल्या दिवशीच काढून टाकायला हवा होता. निरुपयोगी ट्रॅक म्हणजे घरातली अडगळ, तिने नुसता धुरळा वाढतो. पण मी आधी ड्रम घेतले, मग गिटार. मग गायकाचा फोन आला, त्याच्या मते सभागृहच खराब होतं. मग गिटारवाल्याचा आला, त्याला गायक जास्त ऐकू येत होता. आपला तो बाब्या. या सगळ्यात आठवडा गेला. एका दुपारी तंतुवाद्यांचं काम संपत आलं आणि यादीत तेवढा एकच ट्रॅक राहिला. मी बाकी सगळे बंद करून तो एकटा लावला.

अपेक्षेप्रमाणे लांबून ड्रम, शेजारची वाद्यं, लोकांचा गलका. संथ गाणं लागलं, ड्रम थांबले. तेव्हा जवळून, अगदी माइकपाशी, कापड सरकल्याचा आवाज आला. बसलेल्या माणसाने पायावर पाय टाकला की होतो तेवढाच.

शेजारची असणार, मी म्हटलं. तिच्या खुर्चीला लागूनच तिची जोडीदारीण बसते. दोघी एकाच स्टँडवरून वाजवायच्या. बाई सतत बोलत असते म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणतात. मी रेडिओच्या माइकचा ट्रॅक त्याच जागी लावून पाहिला. जवळचा आवाज कुठला आणि लांबचा कुठला हे ओळखण्यावरच माझं पोट आहे. रेडिओच्या माइकमध्ये ते कापड लांबून येत होतं.

मी लंबूला फोन केला. "त्या खुर्चीवर कोणी काही ठेवलं होतं का रे? कोट, पिशवी?"

"छे. फूलसुद्धा ठेवू दिलं नाही त्यांनी. का?"

"काही नाही. जरा आवाज येतोय."

लंबू म्हणाला, "तो ट्रॅक उडव ना. कशाला ऐकत बसलास?"

"उडवतो," मी म्हटलं.

३

एकट्या माणसाला बोलायची सवय लागते. मी यंत्रांशी बोलतो, किटलीशी बोलतो. त्या दुपारी ते कापड पुन्हा ऐकताना मी सहज बोलून गेलो, "हा तर तुझा काळा ड्रेस. आता पान उलटायच्या आधी जिभेने टक् करशील."

ती करायची तसं. पान उलटताना, नाहीतर घरी भाजीचं मीठ बघताना. लहान मुलं घोडा घोडा खेळताना करतात तसं एकच टक्.

दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर टक् होतं.

आदल्या दिवशी ते नव्हतं, असं मी छातीठोक सांगू शकलो नाही. कान थकतात. मन जे शोधतं ते कानाला सापडतं. शिकाऊ पोरांना मीच हे शिकवत आलोय. मी उठून तोंड धुतलं, पुन्हा बसलो, पुन्हा ऐकलं. पान उलटण्याआधी टक्. स्वच्छ, जवळून, किंचित ओलसर.

मी रडलो. त्याची लाज वाटायचं कारण नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा घरच्या माणसाचा आवाज ऐकला होता.

मग मला हावच सुटली. मी ट्रॅक लावून ठेवायचो आणि बोलत बसायचो. तू उजवा बूट काढून ठेवायचीस आणि पायाच्या अंगठ्याने ताल धरायचीस, कंडक्टर ओरडायचा तरी. दुसऱ्या दिवशी लाकडी फळीवर बूट सरकल्याचा आवाज आणि मग अंगठा. टप, टप. वाजवायचं नसेल तेव्हा ओठांतल्या ओठांत मात्रा मोजायचीस. दुसऱ्या दिवशी कुजबुज.

त्या दिवसांत मी वेळेवर जेवलो. दाढी केली. शेजारच्यांनी विचारलं, बरं चाललंय ना? मी म्हटलं, मस्त चाललंय. आणि ते खरं होतं.

४

एका संध्याकाळी घरी भाजी चाखली आणि मीठ कमी वाटलं. अशा वेळी ती हटकून आठवायची. हातात पळी, तिरपी मान, आणि टक्.

पळी आठवली, मान आठवली. टक् आलं ते हेडफोनमधून यावं तसं. आजूबाजूला सभागृहाची मोठी पोकळ गाज, लांबून कोणीतरी खोकल्याचा आवाज. स्वयंपाकघरातलं टक्, ज्याच्या मागे नळ ठिबकायचा, ते काही केल्या येईना. मी पळी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. मग बूट आठवून पाहिला. तिथेही फळी स्टेजचीच वाजली, आमच्या घरातली फरशी नाही.

तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. भुताची नव्हे. कोणीतरी माझ्या घरातली एकेक वस्तू उचलून नेतंय आणि जागेवर तशीच दिसणारी दुसरी ठेवून जातंय, अशी.

पण मी हिशेबी माणूस आहे. म्हटलं, परीक्षा घेऊ. जर तिथे ती असेल तर तिने कधीच न केलेली गोष्ट ऐकू येणार नाही. आणि माझ्याच मनाचे खेळ असतील तरीही येणार नाही, कारण मला माहीत असेल की ती खोटी आहे. आलीच, तर ते तिसरंच काही.

तिला शीळ घालता येत नव्हती. अजिबात. ओठांचा चंबू करून फुंकायची आणि नुसती हवा निघायची. आमच्या लग्नाआधीपासूनचा तो विनोद होता. मी तिला किती वेळा शिकवायचा प्रयत्न केला आणि दोघं हसून किती वेळा लोळलो, त्याला गणती नाही.

मी स्टुडिओत बसून, ट्रॅक लावून, मोठ्याने म्हटलं, "संथ गाण्यात व्हिओला थांबतात ना, तेव्हा तू हळूच शीळ घालायचीस. गाण्याचीच चाल."

मी सगळं बंद करून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी संथ गाण्यात शीळ होती. सुरेल, मऊ, जराही न चुकणारी.

५

त्याच दिवशी रेडिओ आली. तंतुवाद्यांचं मिश्रण ऑर्केस्ट्रातल्या कोणीतरी ऐकून होकार द्यायचा ठरलं होतं आणि बाईंनी स्वतःच पुढाकार घेतला होता. येतानाच जिन्यातून तिचा आवाज चालू होता. जिना किती उंच, खोली किती गार, मी किती वाळलोय. मला बरं वाटलं. जिवंत माणसाचा आवाज खोलीत असला की बाकीचे आवाज आवाजच राहतात.

मी सगळे ट्रॅक एकत्र लावले. तो एक बंद करायला हात गेला होता. मग म्हटलं, राहू दे, एवढ्या गर्दीत काय कळणार आहे.

संथ गाणं लागलं आणि रेडिओ बोलायची थांबली. तिचे डोळे भरले.

"अगं बाई," ती म्हणाली. "तिची शीळ."

मी गाणं थांबवलं. "कोणाची?"

"कोणाची काय विचारता? शेजारी बसून इतकी वर्षं ऐकली. कंडक्टरने तिला कितीदा झापलं त्यावरून! जुन्या एखाद्या कार्यक्रमातली घातलीत ना इथे? छान केलंत हो."

"तिला शीळ घालता येत नव्हती," मी म्हटलं.

रेडिओने माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण तापातल्या माणसाकडे बघतो. "अहो, काय बोलताय? तुमच्याच लग्नात नाही का घातली होती तिने, सगळ्यांसमोर?"

मी आठवायला गेलो. ओठांचा चंबू दिसला. हसणारी माणसं दिसली. आणि शीळ ऐकू आली.

नुसती हवा निघायची हे मी त्याआधीच वर लिहून ठेवलंय म्हणून मला माहीत आहे. ते ऐकू येत नाही आता.

जाताना रेडिओ दाराशी घुटमळली. तिला गप्प उभी पाहिलेली मी पहिल्यांदाच. "एक विचारू? त्या कार्यक्रमात मी पूर्ण वेळ उजवीकडे बघितलंच नाही. तिची खुर्ची होती ना त्या बाजूला. वाईट वाटेल म्हणून नव्हे. का कोण जाणे, मला कळत होतं की बघायचं नाही. तुम्हाला येतो का असा अनुभव?"

"तुम्ही दमला होतात," मी म्हटलं.

"तसंच असेल," ती म्हणाली आणि जिना उतरली. खालपर्यंत तिचं बोलणं ऐकू आलं नाही.

६

मी ठरवलं. उडवायचा. तिच्या जागी जे कोणी बसलं होतं ते ती नव्हती, आणि मी त्याला रोज तिचा एकेक तुकडा भरवत होतो. माझ्याकडे अजून बरंच शिल्लक होतं. तिचा चेहरा शिल्लक होता. त्याबद्दल मी त्या खोलीत चकार शब्द काढला नव्हता.

ट्रॅक बंद करून मी लंबूला अल्बम पुन्हा ऐकायला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "अरे, काय केलंस? परवा पाठवलंस त्यात जीव होता. आता सगळं आहे, पण मेल्यासारखं वाटतंय."

"तसंच राहणार."

"पण काय काढलंस काय?"

"अडगळ," मी म्हटलं.

दुपारची वेळ होती. बाहेर रस्त्यावर लख्ख ऊन असणार, पण स्टुडिओला खिडकी नसते. माझ्या खोलीत टेबलावरचा दिवा, समोर मोठी काच, काचेपलीकडे वादकांची खोली अंधारात. तिथे एक खुर्ची कायम असते. कोणी ना कोणी गिटारवाला सोडून गेलेली.

कायमचं पुसण्याआधी एकदा ऐकायचं ठरवलं. याला मूर्खपणा म्हणा. माझ्या जागी राहून बघा आणि मग म्हणा.

संथ गाणं आलं. कापड. बूट. अंगठा. कुजबुज. शीळ. मी मान वर केली.

काचेपलीकडे खुर्चीत कोणी बसलं होतं असं म्हणवत नाही. एक पाय होता, बुटातून निघालेला, अंगठा हलत होता. त्याच्या वर काळं कापड. त्याहून वर, बसलेल्या बाईचं तोंड जिथे येईल त्या उंचीवर, ओठ होते. चंबू केलेले. त्यांच्या वर काही नव्हतं. बाजूलाही काही नव्हतं. मी जेवढं सांगितलं होतं तेवढंच तिथे होतं.

मी उठून दार गाठायला हवं होतं. पाय हलले असते, कोणी धरले नव्हते. पण ते ओठ माझ्याकडे वळलेले होते आणि त्यांनी शीळ थांबवली होती. वाट बघत होते. आणि मला घरचा जिना आठवला. कुलूप, अंधारी खोली, दिवा लावल्यावर दिसणारी एकच चप्पल-जोडी. इतक्या महिन्यांत माझी वाट बघणारं दुसरं कोणी नव्हतं.

"थांब," मी म्हटलं. "सांगतो."

कपाळापासून सुरुवात केली, एवढं नक्की. पुढे काय बोललो ते इथे लिहिता येत नाही. बराच वेळ बोललो असेन, कारण घसा कोरडा पडला होता आणि चहावर साय धरली होती. बोलताना मी खाली, टेबलाकडे बघत होतो. वर बघायचा धीर झाला तेव्हा काचेपलीकडे नुसती खुर्ची होती. हेडफोनमध्ये कोणीतरी उठलं, खुर्ची मागे सरकली आणि पावलं निघून गेली. एक बुटाचं, एक अनवाणी.

त्यानंतर तो ट्रॅक मी कितीदा ऐकला असेल. लांबून ड्रम आहेत, शेजारची वाद्यं आहेत, लोकांचा गलका आहे. खुर्चीत कोणीच नाही.

७

आज सकाळी मेहुणीचा फोन आला. बायकोची ही धाकटी बहीण आठवड्यातून एकदा तरी माझी चौकशी करतेच.

"भाऊजी, लंबूदादांचा फोन आला होता. अल्बमच्या आतल्या पानावर ताईचा फोटो घालणार आहेत. किती छान ना? तुम्ही पाठवता का एखादा?"

"पाठवतो की," मी म्हटलं. "कुठला पाठवू?"

"तुमच्या बैठकीत आहे ना भिंतीवर, ऑर्केस्ट्राचा सगळ्यांचा? त्यातूनच तिचा तेवढा कापून घ्या. हसतेय बघा त्यात."

मी फोन कानाला तसाच धरून फोटोसमोर जाऊन उभा राहिलो. काळे कपडे घातलेली चाळीसेक माणसं, हातांत वाद्यं. काचेवरची धूळ मी बाहीने पुसली. पहिली रांग बघितली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली.

"भाऊजी? ऐकताय ना?"

"हो. अगं, चष्मा सापडत नाहीये. कुठे उभी आहे गं ती?"

ती हसली. "काय हो थट्टा करता." मग तिचं हसणं थांबलं. "भाऊजी, बरं आहे ना सगळं? मी येऊ का तिकडे?"

"नको. मला एवढंच सांग…" माझ्या तोंडून निघून गेलं, "ती दिसायची कशी?"

मग तिने नाक ओढलं आणि समजूत घालावी तशा सुरात बोलू लागली, "असं होतं हो माणूस गेल्यावर. आईचं मला झालं होतं. सांगते हं. ताईचं कपाळ…"

"बोलू नकोस," मी ओरडलो. "एक अक्षर सांगू नकोस. मला नको, कोणालाच नको. तुझ्यापाशी आहे ते तुझ्यापाशी ठेव."

"भाऊजी, अहो…"

मी फोन बंद केला. तो लगेच पुन्हा वाजू लागला, आणि मी तो वाजू दिला. फोटो भिंतीवरून काढून उजेडात, खिडकीपाशी नेला. हसतेय, असं ती म्हणाली होती. हसणाऱ्या बायका चार होत्या.